ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी खोलीचं तापमान वजा करा

मे महिन्यात अकोल्यात, जळगावात किंवा नागपुरात बसून कोणी यूट्यूबवर आपल्याच मॉडेलच्या ग्राफिक्स कार्डाचा रिव्ह्यू बघतो. तिथे आकडा ६५ अंश, आपल्या स्क्रीनवर ८२. मग दुकानदाराला फोन, मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट आणि खाली प्रश्न: "कार्ड डिफेक्टिव्ह निघालं का?" बहुतेक वेळा कार्डात काहीच खोट नसते. रिव्ह्यू करणाऱ्याची खोली २२ अंशांवर असते, तुमची ३९ वर. फॅन आणि हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) चालणारं कोणतंही कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. कार्डावरचा कूलर फक्त कार्ड आणि हवा या दोघांमधलं अंतर आटोक्यात ठेवतो.

म्हणून स्क्रीनवरच्या आकड्यातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि जे उरेल त्याच्याकडे बघायचं. ६५ वजा २२ म्हणजे ४३. ८२ वजा ३९ म्हणजेही ४३. लोड आणि फॅनचा वेग सारखा असेल, तर दोन्ही कार्डं एकसारखीच चालली आहेत. या उरलेल्या आकड्याला पुढे मी 'वाढ' म्हणेन. खोलीचं तापमान मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत जाते तिथे ठेवायचा. मागे ठेवला तर कार्डानंच तापवलेली हवा मोजाल. मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमधला आकडा इथे कामाचा नाही, तो शहराचा असतो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळी सातला बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं, हे वेगळं सांगायला नको.

उदाहरण म्हणून एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० घेऊ, कारण आपल्याकडे ते भरपूर विकलं गेलं आणि अजूनही जुन्या बाजारात सहज मिळतं. तुमचं कार्ड दुसरं असलं तरी क्रम तोच राहील. क्रमाला महत्त्व आहे: आधी फुकटचे उपाय, मग स्वस्त, आणि कार्ड खोलण्याचा उपाय सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

किती म्हणजे जास्त?

एनव्हिडिया आपल्या प्रत्येक कार्डाच्या माहितीत कमाल तापमान देते. आरटीएक्स ३०६० साठी ते ९३ अंश आहे, आरटीएक्स ४०६० साठी ९०, जुन्या जीटीएक्स १०६० साठी ९४. याचा अर्थ ९२ वर रोज चालवा असा नाही, आणि ९३ झाले की कार्ड जळेल असाही नाही. मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःच आपला वेग आणि वीज कमी करतं. यालाच थ्रॉटल होणं म्हणतात. तरीही तापमान चढत राहिलं, तर शेवटचा उपाय म्हणून मशीन बंद पडतं. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ८३ अंशांच्या आसपासचं लक्ष्य आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात आकडा ८३ वर चिकटून बसलेला दिसतो आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला बनणारी चित्रं, हळूहळू घसरतो. आकडा वाढत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, पण किंमत वेगात मोजली जात असते.

एएमडीच्या कार्डांवर दोन आकडे दिसतात. एक साधा, दुसरा जंक्शन किंवा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटीच्या वेळी लोक जंक्शनचा आकडा पाहून घाबरले, तेव्हा एएमडीनं स्पष्ट केलं की ११० अंशांपर्यंतचं जंक्शन तापमान अपेक्षेतलंच आहे. तेव्हा एएमडीचा जंक्शन आणि एनव्हिडियाचा साधा आकडा शेजारी ठेवून भांडू नका.

माझा ढोबळ हिशोब असा: जड गेममध्ये वाढ ४० ते ४५ च्या आत असेल तर कार्डाकडे दुर्लक्ष करून गेम खेळा. ४५ ते ५५ असेल तर पुढचे उपाय करून बघा. ५५ च्या वर असेल तर हवा कुठेतरी अडली आहे किंवा कार्डाच्या आत काहीतरी बिघडलं आहे. हे आकडे मध्यम आकाराच्या, दोन-तीन फॅनच्या कार्डांसाठी आहेत. एका छोट्या फॅनच्या कार्डाला थोडी सवलत द्या.

मोजायचं कसं

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या टॅबखाली जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं तापमान दिसतं. नजर टाकायला ते ठीक आहे, पण निदानाला पुरत नाही. त्यासाठी जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो घ्या. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत. लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड पुरेशी आहे.

चार आकडे लिहून घ्या: साधं तापमान, हॉटस्पॉट, फॅनचा वेग आणि वॅटमधली वीज. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा मिळत नाही, तिथे तो सोडून द्या. आरटीएक्स ३०८०, ३०९० यांसारख्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांवर एचडब्ल्यूइन्फो मेमरीचंही तापमान दाखवतं, ते जरूर बघा. ३०६० ची मेमरी साधी जीडीडीआर६ असल्यानं तिथे ती ओळ दिसणार नाही. शोधत बसू नका.

आता तुमचा नेहमीचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो, कारण हीटसिंकचं धातू तापायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी आकडा जिथे स्थिरावेल तो खरा. फरमार्क नावाचा ताणचाचणीचा प्रोग्राम बरेच जण सुचवतात. तो कार्डावर कोणत्याही गेमपेक्षा जास्त आणि अनैसर्गिक भार टाकतो. दहा मिनिटं चालवायला हरकत नाही, पण रात्रभर लावून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

जीपीयू-झेडच्या सेन्सर्स टॅबमध्ये पर्फकॅप रीझन अशी एक रंगीत पट्टी असते. कार्डाचा वेग सध्या कशामुळे रोखला गेला आहे ते ती सांगते. तिथे पीडब्ल्यूआर दिसलं तर विजेची मर्यादा, व्हीरेल दिसलं तर व्होल्टेजची. दोन्ही रोजचंच आहे. थर्म दिसलं तरच उष्णतेनं वेग खाल्लाय असं समजा. गेम बंद पडतोय, स्क्रीन काळी होतेय आणि पट्टीत थर्म कधीच दिसत नाही, अशी स्थिती असेल तर संशय एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), वायरी किंवा ड्रायव्हरवर घ्या. गेम बंद पडला की दोष उष्णतेवर ढकलायची आपल्याला सवय आहे, ती सोडलेली बरी.

झाकण काढून एक चाचणी

या चाचणीला फार वेळ लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. गेम चालू ठेवा, तापमान स्थिर होऊ द्या, मग कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढा आणि दहा मिनिटांनी पुन्हा आकडा बघा. (झाकण काचेचं असेल तर ते आधीच, मशीन बंद असताना, स्क्रू सैल करून ठेवा आणि काढल्यावर सतरंजीवर आडवं ठेवा. टफन काचेची कड फरशीवर टेकली की तिचे हजार तुकडे होतात.)

तापमान सात-आठ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, तर कार्ड निर्दोष आहे. कॅबिनेटला श्वास मिळत नाहीये. फक्त एक-दोन अंशांनी उतरलं, तर कॅबिनेट बरं आहे. प्रश्न कार्डावरची धूळ, फॅन किंवा थर्मल पेस्टचा (चिप आणि हीटसिंकमधल्या लेपाचा) आहे. दोन्ही वेळा पुढचं काम वेगळं असतं. ही चाचणी न करता नवे फॅन मागवणारे खूप भेटतात.

झाकण कायमचं काढून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. काही महिन्यांत धूळ आत बसते, आणि पालीसुद्धा.

धूळ

आपल्याकडे धुळीला दोन मोसम आहेत: उन्हाळ्यातली वाऱ्याबरोबर येणारी आणि बांधकामाची बारमाही. होळीच्या आसपास एकदा, म्हणजे उन्हाळा सुरू होण्याआधी, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असं वेळापत्रक लावलं तर बहुतेक घरांत भागतं. रस्त्याकडेची खोली असेल किंवा शेजारी इमारत चढत असेल, तर दर दोन महिन्यांनी. पुढच्या जाळीवरचा फिल्टर मात्र दर पंधरवड्याला झटका. तो चोंदला की महागडे फॅनही रिकामेच फिरतात.

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पिन काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या. मग सगळं गच्चीत किंवा गॅलरीत न्या. दुकानातले लोक वापरतात तो छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर उत्तम. तो नसेल तर रंगाचा स्वच्छ, कोरडा, मऊ ब्रश. ब्लोअर मारताना कार्डाच्या फॅनची पाती बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं फॅन भलत्याच वेगानं फिरतो, त्यात बेअरिंगचं नुकसान होऊ शकतं आणि फिरणाऱ्या मोटरमधून उलट वीजही निर्माण होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट सर्किटवर टेकवू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नाहीच.

कार्ड बाहेर काढायचं असेल तर क्रम असा: वीज देणाऱ्या वायरची कुलपी दाबून ती सोडवा, मागचे स्क्रू काढा, मग मदरबोर्डच्या स्लॉटच्या टोकाची छोटी खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खिटी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटू शकतो, आणि स्लॉट तुटला म्हणजे मदरबोर्ड गेला. परत बसवताना वीज देणारी वायर पूर्ण आत गेली आहे ना हे डोळ्यांनी बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ची नवी १६ पिनांची जोडणी वितळण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एनव्हिडियानं जे मुख्य कारण दिलं ते जोडणी पूर्ण आत न बसल्याचं होतं.

हवेचा रस्ता

बाजारातल्या बऱ्याच स्वस्त कॅबिनेटना पुढे सपाट काच आणि तिच्यामागे तीन रंगीत फॅन असतात. दिसायला झकास. पण काच आणि फॅन यांच्यात बोटभरही फट नसेल, तर ते फॅन हवा आणणार कुठून? नवीन घेत असाल तर पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, रंग-रोषणाई नंतर बघा. आधीच काचेचं असेल तर झाकणाची चाचणी पुन्हा करा, पण या वेळी बाजूचं झाकण बंद ठेवून पुढची काच काढा.

मांडणी सोपी आहे. पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पुढे दोन, मागे एक फॅन असला की ३०६० च्या वर्गातल्या कार्डाचं उत्तम भागतं. सातवा-आठवा फॅन लावून फक्त आवाज वाढतो. वरच्या बाजूला अगदी पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा फॅन लावू नका, तो नुकतीच आत आलेली थंड हवा कार्डापर्यंत पोचण्याआधीच बाहेर काढतो. पाण्याच्या कूलिंगचा रेडिएटर पुढे लावला असेल, तर प्रोसेसरची उष्णता घेतलेली हवाच कार्डाला मिळते. जागा असेल तर तो वर न्या.

फॅन कोणत्या बाजूला हवा फेकतो हे ओळखायला खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या दिसतात, बहुतेक फॅनमध्ये त्या बाजूनं हवा बाहेर पडते. खात्री करायची तर उदबत्ती लावून धूर जवळ न्या, राख मात्र आत पडू देऊ नका. असेंबल करून आणलेल्या मशीनमध्ये मागचा फॅन उलटा लागलेला असणं हा काही फार दुर्मिळ प्रकार नाही.

आता कॅबिनेट ठेवायचं कुठे? कॉम्प्युटर टेबलाचा तो तीन बाजूंनी बंद खण. त्यात मशीन ठेवलं, की मागून निघालेली गरम हवा लाकडावर आपटून पुन्हा पुढे येते आणि कार्ड तीच परत ओढून घेतं. थर्मामीटर त्या खणात ठेवून अर्धा तास गेम चालवा, खोलीपेक्षा कितीतरी जास्त आकडा दिसेल. मशीन खणातून बाहेर काढून टेबलाशेजारी एखाद्या छोट्या स्टुलावर ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. या एका हालचालीनं जेवढा फरक पडतो तेवढा दोन हजारांच्या फॅननं पडत नाही. जमिनीवरच ठेवायचं असेल तर निदान गालिच्यावर नको, एसएमपीएसची हवा खालून येते.

कार्ड उभं बसवून काचेतून दाखवण्याची फॅशन आहे. कार्डाचे फॅन काचेला चिकटणार असतील तर ती फॅशन विसरा.

फॅन कर्व्ह

कार्डाच्या फॅनचा वेग तापमानानुसार बदलतो, त्याच्या आलेखाला फॅन कर्व्ह म्हणतात. कंपनी तो शांततेच्या बाजूनं झुकवते, कारण ग्राहक आवाजाची तक्रार आधी करतो. तो बदलण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर वापरा. नाव एका कंपनीचं असलं तरी तो इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. सेटिंग्जमध्ये फॅनच्या टॅबवर जाऊन स्वतःचा कर्व्ह वापरण्याची खूण लावा. एएमडीवाल्यांना वेगळं काही लागत नाही, एएमडीच्याच अॅड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स आणि मग ट्यूनिंगमध्ये सगळं आहे.

सुरुवातीला असा कर्व्ह ठेवा: ५० अंशांना ३५ टक्के, ६५ ला ५५, ७५ ला ७०, ८३ ला ९०. मग कानांना पटेल तसा खाली-वर करा. वरच्या टोकाला फॅन सत्तर टक्क्यांवरून शंभरवर नेला तर आवाज खूप वाढतो आणि तापमान जेमतेम दोन-चार अंश उतरतं, त्यामुळे कायम शंभरवर ठेवण्यात फायदा नाही. कर्व्ह पायऱ्या-पायऱ्यांचा न ठेवता तिरका ठेवा, नाहीतर फॅन दर मिनिटाला वर-खाली होत राहतो आणि तो चढउताराचा आवाज सलग आवाजापेक्षा जास्त छळतो.

डेस्कटॉपवर नुसतं बसलं असताना फॅन अजिबात फिरत नसतील तर घाबरू नका. आजकालच्या बऱ्याच कार्डांत ५०-६० अंशांखाली फॅन थांबतात, ती सोय आहे.

उष्णता तयारच कमी होऊ द्या

इथवरचे उपाय तयार झालेली उष्णता बाहेर काढण्याचे होते. उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर त्यांनाही हद्द आहे. त्यापुढचा आणि माझ्या मते आपल्या हवामानात सगळ्यात मोलाचा उपाय म्हणजे कार्डाला कमी वीज घेऊ देणं. ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेतं, जवळजवळ तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ३०६० साठी ती १७० वॅट, ४०६० साठी ११५, आरटीएक्स ३०८० साठी ३२०. म्हणजे ३०८० वाला आपल्या बंद खोलीत तीनशे वॅटचा हीटर लावून बसलेला असतो आणि वर छताचा पंखा चालू आहे म्हणून समाधानी असतो. छताचा पंखा हवा फिरवतो, खोलीतली उष्णता बाहेर काढत नाही.

पहिली गोष्ट, एफपीएसवर मर्यादा घाला. मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा आणि कार्ड सेकंदाला १८० चित्रं बनवतंय, तर उरलेली शंभरेक चित्रं कुणीच बघत नाही. त्यांची फक्त उष्णता होते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेमरेटची सोय आहे, एएमडीतही आहे, बहुतेक गेमच्या सेटिंग्जमध्येही असते. विशेषतः गेमच्या मेनूसाठी ही मर्यादा हवीच. मेनूत दाखवायला फारसं काही नसतं म्हणून कार्ड बेफाम धावतं. २०२१ मध्ये अॅमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटा आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं मेली. ईव्हीजीए कंपनीनं आपल्या कार्डांच्या बाबतीत सोल्डरिंगमधला दोष मान्य केला, पण अॅमेझॉननंही मेनूत एफपीएसची मर्यादा घातली.

दुसरी गोष्ट, पॉवर लिमिट. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० वर आणा आणि बरोबरची खूण दाबा. ३०६० वर याचा अर्थ १७० ऐवजी साधारण १३६ वॅट. वीज वीस टक्क्यांनी घटते, पण एफपीएस तेवढा घटत नाही, बहुतेक गेममध्ये फरक मोजक्या टक्क्यांचा असतो. कारण सरळ आहे: चिपला शेवटचे शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ गाठण्यासाठी व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवख्या माणसानं एवढं केलं आणि इथेच थांबला तरी चालेल. या पट्टीनं काही बिघडत नाही, मशीन अडखळत नाही.

तिसरी गोष्ट, अंडरव्होल्ट. यात वेग जवळजवळ तोच राहतो, व्होल्टेज तेवढं कमी होतं. आधी पॉवर लिमिट परत १०० वर न्या, म्हणजे कशाचा परिणाम काय ते कळेल. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकची पट्टी उणे २५० वर आणून खूण दाबा. मग कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. त्यावर ९०० मिलीव्होल्टचा ठिपका शोधा आणि तो ओढून १८०० मेगाहर्ट्झवर न्या. पुन्हा खूण दाबली की त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके एका आडव्या रेषेत येतील. आता कार्ड ९०० मिलीव्होल्टच्या वर जाणार नाही.

हे आकडे ३०६० साठी सुरुवातीचे आहेत. दुसऱ्या मालिकेच्या कार्डाला वेगळे लागतील, आणि एकाच मॉडेलच्या दोन चिपही सारख्या नसतात. एक-दोन दिवस नेहमीचे गेम खेळा. गेम बंद पडला किंवा स्क्रीनवर विचित्र ठिपके दिसले, तर व्होल्टेज २५ मिलीव्होल्टनं वाढवा किंवा वेग ३० मेगाहर्ट्झनं कमी करा. व्होल्टेज कमी केल्यानं कार्ड जळत नाही, फार तर गेम बंद पडतो. सगळं स्थिर वाटल्याशिवाय विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करण्याचं बटण मात्र दाबू नका. एएमडीच्या बऱ्याच कार्डांना अॅड्रेनालिनमध्ये अंडरव्होल्टचा तयार पर्याय मिळतो, आधी तो वापरून बघा.

याचा एक जोडफायदा आपल्याकडे विशेष आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर असतील, तर वीज गेल्याक्षणी यूपीएस कण्हतो आणि सगळंच बंद पडतं. कार्डानं तीस-चाळीस वॅट कमी घेतले की निदान गेम सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो.

खोली

विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात घरचा कूलर कार्डालाही उपयोगी पडतो, खोलीचं तापमान जितकं उतरेल जवळजवळ तितकंच कार्डाचंही उतरतं. ओलसर हवेनं कार्डावर दव धरेल ही भीती चालू मशीनच्या बाबतीत निराधार आहे. दव हवेपेक्षा थंड वस्तूवर धरतं, कार्ड तर गरम असतं. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका एवढंच, कारण त्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार येतात. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर थोड्या वेळानं कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उलटा. तापमान सोसण्यासारखं, पण खारी दमट हवा स्क्रू आणि धातूच्या जोडण्या गंजवते. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद पडून राहणार असेल, तर दोन-तीन दिवसांआड तासभर चालू ठेवा.

शेवटी, थर्मल पेस्ट

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट काही वर्षांत सुकते किंवा कडेला सरकते. ओळखायचं कसं? हॉटस्पॉट आणि साधं तापमान यांतला फरक बघा. एनव्हिडियाच्या ठीक असलेल्या कार्डात तो १० ते १५ अंशांचा असतो. २५ च्या पुढे गेला, फॅन शंभर टक्क्यांवर धावतायत आणि धूळही नाही, तर पेस्ट संपली. एएमडीत हा फरक मुळातच मोठा असतो, तिथे पूर्वीच्या स्वतःच्या आकड्यांशी तुलना करा.

वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड खोलू नका. अनेक कार्डांच्या स्क्रूवर स्टिकर असतं, ते फाटलं की वाद सुरू होतो. नवं कार्ड इतकं तापत असेल तर ते कंपनीनंच बदलून द्यायचं असतं. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही मूळ, म्हणजे एएमडीच्याच रचनेच्या कार्डांत वेपर चेंबरमध्ये (हीटसिंकमधल्या द्रव भरलेल्या चपट्या धातूच्या डब्यात) द्रव कमी भरला गेला होता आणि जंक्शन ११० ला भिडत होतं; एएमडीनं जानेवारी २०२३ मध्ये ते मान्य केलं. असा दोष पेस्ट बदलून सुटला नसता.

जुन्या बाजारातून घेतलेलं कार्ड ही वेगळी कथा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनानं मायनिंगची (कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवण्याची) पद्धत बंद केली आणि वर्षानुवर्षं चोवीस तास राबलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगचा भार मेमरीवर जास्त पडतो, त्यामुळे अशा कार्डांचे थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारे मऊ तुकडे) तेल सोडून कडक झालेले असू शकतात. विकत घेताना अर्धा तास गेम चालवून हॉटस्पॉट आणि, दिसत असेल तर, मेमरीचं तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मेमरी शंभरच्या वर असेल तर भाव पाडून घ्या किंवा सोडून द्या.

खोलायचंच ठरलं तर: कार्ड फॅन खाली आणि पाठ वर येईल असं ठेवा, पाठीवरचे चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरक्या जोडीनं थोडे थोडे सैल करा. हीटसिंक उचलताना झटका देऊ नका, फॅनच्या वायरी खाली जोडलेल्या असतात. हीटसिंक चिकटलं असेल तर स्क्रू परत आवळून, कार्ड बसवून आधी दहा मिनिटं गेम चालवा आणि कार्ड कोमट करा. मेमरीवरचे पॅड शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका. ते फाटले तर तितक्याच जाडीचे लागतात. अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा पॅड लावला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. ही चूक दुकानातही होते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, ग्राफिक्स चिप उघडी असते. म्हणून मधे वाटाण्याएवढा ठिपका ठेवून भागत नाही, पातळ थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. पेस्ट वीज न वाहणारी घ्या. लिक्विड मेटल नवख्यांसाठी नाही, एक थेंब ओघळला तर शॉर्ट होतं. पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ शीटही वापरतात. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बसते आणि पेस्टसारखी कडेला सरकत नाही. नकली माल बराच आहे, तेव्हा विक्रेता पारखून घ्या.

स्क्रू पुन्हा तिरक्या जोडीनं, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. फॅनच्या वायरी जोडल्या का बघा आणि कार्ड बसवून पहिली दहा मिनिटं समोरच बसा. हॉटस्पॉटचा फरक लगेच कमी दिसला पाहिजे. तो तेवढाच राहिला किंवा वाढला तर मशीन बंद करा आणि पुन्हा खोला: एखादा स्क्रू अर्धवट राहिला असेल, नाहीतर एखादा पॅड सरकून चिपच्या कडेखाली आला असेल.